हरवलेला हुकूमनामा

१

फाइल कपाटात जागेवर होती. पासपोर्ट होता, लग्नाचा दाखला होता, नवऱ्याने परदेशातून पाठवलेली पत्रंही होती. नव्हता तो फक्त घटस्फोटाचा हुकूमनामा.

ठकीने फाइल पलंगावर उपडी केली. प्लास्टिकची प्रत्येक पिशवी झटकून पाहिली. मग कपाटातले कपडे काढले, गादी उचलली, पलंगाखाली बॅटरी मारली. कागद कुठेच नव्हता.

ठकी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी टकमक बघत बसायची म्हणून बाबांनी ते ठेवलं आणि चिकटलं ते चिकटलंच. आता ती चांगली जाणती बाई होती, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची, तरी घरात आणि गल्लीत ठकीच.

तिचं हे दुसरं लग्न. नवरा परदेशात एका बेकरीत कामाला होता. बायकोला तिकडे नेण्यासाठी त्याने अर्ज केला होता आणि तो रखडत रखडत मुलाखतीपर्यंत आला होता. मुलाखतीचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते. काल संध्याकाळी आणखी एक पत्र आलं: तुमचं पहिलं लग्न कायद्याने संपल्याचा पुरावा म्हणून पाठवलेली झेरॉक्स चालणार नाही, कोर्टाच्या ताज्या शिक्क्याची प्रत आणा.

"त्यात काय, उद्या हुकूमनामा घेऊन कोर्टात जाते आणि नवा शिक्का मारून आणते," असं ती जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली होती.

आणि सकाळी कागद गायब. कपाटाचं कुलूप मात्र शाबूत होतं. किल्ली नेहमीच्या खुंटीला लटकत होती.

म्हणजे चोर घरातलाच होता.

२

फौजदारबाई निवृत्त होऊन किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, माडीवर राहायच्या. लोकांची हरवलेली माणसं, वस्तू आणि क्वचित अक्कल शोधून द्यायच्या. ठकीची आणि त्यांची ओळख दातांवरून झालेली. दोन ठिकाणच्या कवळ्या टोचल्यावर तिसरी ठकीने करून दिली होती, ती अशी बसली की बाई म्हणायच्या, "पोरी, मी तुझ्याच दातांनी जेवते. आता तुझं मीठ खाल्लंय म्हणायला हरकत नाही." विचार करताना त्यांना ती कवळी जिभेने किंचित उचलून टक् करून बसवायची सवय होती.

ठकीने रडत रडत सगळं सांगितलं.

"काय गेलं ते कळलं," बाई म्हणाल्या. "काय नाही गेलं ते सांग."

"म्हणजे?"

"पासपोर्ट आहे?"

"आहे."

"तो त्याच फाइलीत होता?"

"अगदी वरच."

टक्. "तुला इथेच अडकवून ठेवायचं असतं तर मी पासपोर्ट नेला असता. तू गेलीस तर कोणाची अडचण होणार आहे?"

ठकीने डोळे पुसले. "दादाची. बाबांचं सगळं एकट्यावर पडणार म्हणून तो कुरकुरतो. वहिनी रडते अधूनमधून, विचारलं तर काही सांगत नाही. बाबा तर गप्पच असतात. पण बाई, मला वाटतं हे त्याचं काम आहे. पहिल्याचं. त्याने सूड उगवला. घरात कोणाला तरी फितवलं असेल."

पहिला नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. घरात त्याला सगळे क्रेनवालाच म्हणायचे, तेही दात खाऊन. त्यांची मुलगी जन्मली आणि दोन दिवसांत गेली. ठकी आक्रोश करत होती आणि तो नुसता भिंतीसारखा उभा होता. त्या उभं राहण्याबद्दल तिने त्याला कधी माफ केलं नाही. माहेरी निघून आली, दावा लावला आणि अंथरूण धरलं. कोर्टाच्या खेपा बाबांनी घातल्या. एक दिवस बाबा आले, तिच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "गेला तो. सुटलीस."

"एकदाही भेटायला आला नाही," ठकी म्हणाली. "माझ्यासाठी नाही, पोरीसाठी तरी."

"कागदाचा फोटो आहे?"

ठकीने मोबाइल पुढे केला. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोटो मोठा करत करत गोल शिक्क्यावर आणला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"काय दिसलं?"

"म्हातारीला काय दिसणार," बाई म्हणाल्या. पण मोबाइल परत देताना त्यांनी ठकीच्या डोळ्यांत पाहायचं टाळलं. "तुझे बाबा काय करायचे गं?"

"पाट्या रंगवायचे. दुकानांच्या. आता हात थरथरतो म्हणून सोडलं."

३

फौजदारबाई घरी आल्या तेव्हा दादा वायरची भेंडोळी गुंडाळत बसला होता. तो इलेक्ट्रिशियन होता आणि त्याचा स्वभावही तसाच, हात लावला की झटका.

"मी घेतला असता तर तोंडावर सांगितलं असतं," तो म्हणाला. "हो, मला नकोय ती जायला. भाऊ आहे मी तिचा, नको वाटणारच. पण कागद चोरायला मी काय उंदीर आहे? ते त्या क्रेनवाल्याचं काम. हलकट साला!"

"मेल्याचं कधी भलं व्हायचं नाही," वहिनीने आतून री ओढली.

खिडकीपाशी बसलेल्या बाबांनी मान वळवली. "पुरे. गेलेल्या माणसाला कशाला शिव्या घालता?"

"बघा!" दादा उसळला. "ज्याने पोरीचं वाटोळं केलं त्याला आजवर यांनी एक वाईट शब्द बोलू दिला नाही. देवमाणूस आहेत."

फौजदारबाई बाबांच्या हातांकडे पाहत होत्या. बोटांची पेरं रंगलेली नव्हती, पण रंग काढायच्या टर्पेंटाइनचा वास येत होता. काम सोडलेल्या माणसाच्या हाताला.

"आजोबा, ब्रश बाहेर काढलेत वाटतं?"

"जुने होते. धुवून ठेवले," बाबा म्हणाले आणि हात मांडीखाली घेतले.

मग बाईंनी वहिनीला विचारलं, "आज सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"कामावर," वहिनी पटकन म्हणाली. ती एका शाळेच्या उपाहारगृहात होती.

"शाळेला आज सुटी आहे ना?"

वहिनीच्या हातातलं पातेलं खाली पडलं. दादा उठून उभा राहिला. ठकी दारात होती, ती तिथेच थिजली. या वहिनीच्या कुशीत ती कितीदा रडली होती. तीच?

"सांग," दादा म्हणाला. "कुठे होतीस?"

वहिनी तोंडावर पदर घेऊन मोरीकडे पळाली आणि आतून कडी लावून घेतली.

४

फौजदारबाईंनी दोघा भावंडांना बाहेर बसवलं आणि मोरीच्या दाराशी स्टूल ओढून स्वतः बसल्या.

"बाळे, मी चोर फार पाहिलेत. तू चोर नाहीस. पण तू गप्प बसलीस तर आज रात्री या घरात तुझ्याशी कोणी बोलणार नाही."

आतून आवाज आला. "डॉक्टरकडे गेले होते. मला दिवस गेलेत."

"मग ही तर चांगली बातमी."

"वन्संना कशी सांगू? त्यांची पोर त्यांच्या हातात गेली. मी आपली पोट घेऊन त्यांच्यासमोर मिरवू? म्हटलं, त्या तिकडे गेल्या की यांना सांगेन. तोवर उलटी आली तरी नळ सोडून करते."

बाहेर ठकीला शब्द न् शब्द ऐकू आला. ती उठली आणि दारावर थाप मारली. कडी निघाली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि मधेच ठकी म्हणाली, "अगं वेडे, नळाला किती पाणी घालवलंस!" त्यावर दोघी हसल्या. दादा मात्र भिंतीला टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून राहिला.

म्हणजे वहिनी नव्हती.

"उद्या तुझ्या पहिल्या सासूकडे जाऊ," निघताना फौजदारबाई ठकीला म्हणाल्या. "हुकूमनाम्याची एक प्रत त्यांच्याकडेही असायला हवी."

हे त्या मुद्दाम जरा मोठ्याने म्हणाल्या. खिडकीपाशी बाबा ताडकन उठले.

"तिकडे नको," ते म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "पाया पडतो तुमच्या. तिकडे नेऊ नका तिला."

५

सासू बंदराच्या वस्तीत, अरुंद जिन्याच्या शेवटच्या खोलीत राहायची. लाँड्रीचे कपडे घरी आणून इस्त्री करून द्यायची. ठकीचा पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवरच अडकला.

"मी इथेच थांबते, बाई. तो घरात असला तर?"

फौजदारबाई एकट्याच वर गेल्या. म्हातारीने त्यांना बसा म्हटलं नाही. इस्त्री शर्टाच्या कॉलरवरून फिरत राहिली.

"घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत हवी होती," बाईंनी सांगितलं.

"कोणाच्या?"

"तुमच्या मुलाच्या."

इस्त्री थांबली. म्हातारीने ती उभी करून ठेवली.

"माझ्या मुलाचा घटस्फोट झालाच नाही," ती म्हणाली. "तेवढं आयुष्य कुठे होतं त्याला?"

मग म्हातारी बोलत सुटली, जणू कोणी तरी विचारायची ती वाट पाहत होती.

"त्या दिवशी सकाळी तिच्या बापाला भेटून आला. म्हणाला होता, आई, आज तिला घेऊनच येतो. मला तेव्हा बोलता आलं नाही, आता बोलेन म्हणाला. तासाभरात एकटाच परत आला. डबा उचलला, कामावर गेला. दुपारी क्रेनच्या शिडीवरून खाली. पाय घसरला म्हणाले. घसरला असेल. मी काय तिथे होते?"

"आणि तिला कळवलं?"

"मी स्वतः गेले होते हो, तशीच, अनवाणी! बाप दारात होता. म्हणाला, सांगतो तिला. मी खांदेकऱ्यांना थांबवून धरलं. येईल, आत्ता येईल, नवरा आहे तिचा. अंधार व्हायला आला तरी आली नाही. शेवटचं तोंड बघायला आली नाही ती बया!"

फौजदारबाईंनी नोकरीत पुष्कळ मरणांच्या बातम्या लोकांच्या घरी पोचवल्या होत्या. तरी जिना उतरताना त्या मनात शब्द जुळवत होत्या. खाली ठकी मान वर करून उभी होती.

"मिळाली प्रत?"

"घरी चल," बाई म्हणाल्या. "आधी घरी चल."

६

दादा, वहिनी, ठकी, सगळ्यांना बाईंनी बसवलं. बाबांच्या समोर स्वतः बसल्या आणि अगदी हळू आवाजात बोलल्या.

"आजोबा, मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा कागद जागेवर होता. चोराला तिच्या जाण्याची भीती नव्हती. 'उद्या कोर्टात जाते' असं ती म्हणाली आणि रातोरात कागद गेला. चोराला भीती होती ती कोर्टाच्या खिडकीची. कारण तिथला कारकून तो कागद हातात घेताच पोरीला विचारणार होता, बाई, हा कुठून आणलात? खोटा कागद दाखवला म्हणून ती अडकली असती. चोर तिला अडवत नव्हता, वाचवत होता."

"खोटा?" ठकी म्हणाली.

"कारकून शिक्का मारतो तेव्हा एका कडेला शाई जास्त लागते, दुसरीकडे अक्षर पुसट उठतं. माणूस कंटाळलेला असतो. तुझ्या कागदावरचा शिक्का सगळीकडून सारखा. मारलेला नव्हे, काढलेला. इतक्या मायेने कोर्टात कोणी शिक्का उठवत नाही, पोरी." त्या बाबांकडे वळल्या. "शिक्का पुसायला कागद टर्पेंटाइनमध्ये बुडवलात ना?"

बाबांनी मान डोलावली.

"आणि या घरात सगळे जण क्रेनवाल्याला शिव्या घालतात, तुम्ही सोडून. तुम्ही तर खोटंही बोलला नाहीत. 'गेला तो' म्हणालात. ती समजली सोडून गेला. तुम्ही ते दुरुस्त केलं नाहीत, एवढंच."

ठकीने वहिनीचा दंड पकडला. "गेला म्हणजे?" तिने विचारलं. मग ती बाबांकडे वळली. "बाबा, गेला म्हणजे काय?"

बाबा जमिनीकडे पाहत बोलले. "मी शिडीवर होतो, एका दुकानाची पाटी रंगवत. तो खाली येऊन उभा राहिला. एकदा भेटू द्या म्हणाला. मी खालीसुद्धा उतरलो नाही. वरूनच म्हटलं, ती तुझं तोंडही बघणार नाही."

"मी असं म्हटलं होतं?"

"नाही. मीच म्हटलं. दुपारी त्याची आई आली. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली. अन्न सोडलेलं. डॉक्टर म्हणाले होते, आणखी धक्का देऊ नका. म्हटलं, जरा सावरली की सांगू. कोर्टाने दावा बंद केला, तो गेला म्हणून. आणि तू सावरलीस, पण कशाने? त्याच्यावरच्या रागाने. राग धरून उठलीस, कामाला लागलीस. तो राग तुझ्या हातातून कसा काढून घेऊ? मग हे दुसरं स्थळ आलं आणि तू कागद मागितलास. तेव्हा माझा हात थरथरत नव्हता."

"नाव ठेवलंत ठकी," ती म्हणाली, "आणि ठकवलंतही."

बाबा पुढे झाले. ती मागे सरकली. इतकी वर्षं ती ज्याच्याशी मनातल्या मनात भांडत होती, तो माणूस पहिल्या दिवसापासून ऐकायला नव्हताच. तिने ओठ दाबून धरले, पण आवाज आलाच, आणि तो ऐकून दादा उठून बाहेर गेला.

७

गुंता सोडवायला फौजदारबाईंनीच ओळखीच्या वकिलीणबाई गाठल्या. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. पहिलं लग्न घटस्फोटाने नाही तरी मृत्यूने संपलेलं होतं, आणि दुसरं त्यानंतरचं. म्हणजे ठकीचं आताचं लग्न खरं होतं. हुकूमनामा नको, मृत्यूचा दाखला हवा. पण खोट्या कागदाची झेरॉक्स आधीच गेली होती. ती कोणी बनवली हे बाबांना लिहून द्यावं लागणार होतं.

"केस होऊ शकते तुमच्यावर," वकिलीणबाईंनी सांगितलं.

"होऊ दे," बाबा म्हणाले आणि सही केली. थरथरत्या हाताने ती सही लहान मुलाने केल्यासारखी उमटली.

नवऱ्याला ठकीने फोनवर सांगितलं. त्याच्या मागे बेकरीतल्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"तू रड," तो म्हणाला. "माझ्यापासून लपून रडू नकोस. मला वाईट वाटणार नाही. म्हणजे थोडं वाटेल. पण चालेल."

दाखल्यासाठी ती सासूकडे एकटी गेली. फौजदारबाईंनी म्हातारीला आधीच सगळं सांगितलं होतं. म्हातारीने दाखला आणि एक फोटो काढून ठेवला होता. फोटोत तो क्रेनच्या खोलीतून बाहेर झुकून हसत होता. ठकीने तो छातीशी धरला. दोघी इस्त्रीच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"एक विचारू?" म्हातारी म्हणाली. "तुला कळलं असतं तर आली असतीस?"

ठकीला सोपं उत्तर देता आलं असतं. ते तिच्या तोंडातून निघेना.

"भांडायला आले असते, आई," ती म्हणाली. "अजून खूप भांडायचं होतं त्याच्याशी."

म्हातारीचा चेहरा वेडावाकडा झाला. ती टेबलाला वळसा घालून आली आणि तिने ठकीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "तोही तेच म्हणायचा गं," ती म्हणाली. "भांडेल, पण येईल."

मुलाखत पुढे ढकलली गेली, मग आणखी एकदा ढकलली गेली. अधिकाऱ्यांनी तेच तेच प्रश्न उलटसुलट विचारले. ठकीने प्रत्येक वेळी तेच सांगितलं, कारण या वेळी सांगायला खरं होतं. अखेर व्हिसा आला. बाबांवर अजून तरी कोणी केस केलेली नव्हती, पण खरं कळलं त्या दिवसापासून ठकी त्यांच्याशी एक शब्दही बोललेली नव्हती. ताट वाढायची, औषध द्यायची, आणि खोलीतून निघून जायची.

तोवर वहिनीला मुलगी झाली होती. निघायच्या दिवशी ठकीने भाचीला पोटाशी धरलं ते सोडेचना. शेवटी वहिनीच म्हणाली, "वन्सं, गाडी थांबलीय." दादाने बॅगा गाडीत चढवल्या आणि बोनेटवर उगाचच हात फिरवत उभा राहिला. फौजदारबाई पोचवायला आल्या होत्या, कवळी टकटक वाजवत.

बाबा दाराच्या आतच उभे होते. उंबऱ्याबाहेर यायची हिंमत त्यांना झाली नाही. ठकी गाडीपर्यंत गेली, दार उघडलं आणि तशीच परत आली. त्यांच्यासमोर उभी राहिली. पाया पडली नाही, जवळही घेतलं नाही.

"मी अजून रागावलेय," ती म्हणाली. "किती दिवस रागावेन, सांगता येत नाही."

"हो," बाबा म्हणाले.

"पोचले की फोन करीन. उचला."

बाबा नुसती मान डोलावत राहिले, गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी.